माईंच्या हाताचा कोन

आमच्या पनवेलच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांपुढे 'जरासं' म्हणायची सोय नव्हती. बंदरावर जाताना मी टांगेवाल्याला "जरा डावीकडे घे" म्हटलं, की मास्तर विचारायचे, "जरा म्हणजे किती अंश?" मुलं त्यांना कोनमास्तर म्हणत. मी मराठी शिकवायचो आणि त्यांच्या शेजारीच राहायचो.

"एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. माप बदललं म्हणून कोन बदलत नाही," हे त्यांचं वर्गातलं आवडतं वाक्य. घरी मात्र त्यांनी मापं बदलूनच दिवस काढले.

पंचावन्न सालच्या सुमारास त्यांच्या पत्नीला, माईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी मास्तर त्यांना भिंतीशी बसवून हात उचलायला लावत आणि शाळेतला लाकडी कोनमापक लावून बघत. आठवड्यात जेमतेम दोन अंशांचा फरक पडे. मास्तर म्हणत, "अगं, एकशेवीस कला वाढल्या!"

"अगोबाई, इतक्या?" माई वाकड्या ओठांनी हसत. भांडी घासणारी पारूबाई अंगणातून ओरडे, "आज हात छपराला लागला का नाय?"

हात चांगला चाळीस अंशांपर्यंत आला, आणि दुसरा झटका आला. आता हात उतरू लागला. मास्तरांनी कला सोडल्या आणि रेडियन धरला. एका रेडियनमध्ये सत्तावन्न अंशांहून जास्त बसतात. दहा अंश गेले तरी ते म्हणत, "छे, पाव रेडियनसुद्धा कमी नाही." मग विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत.

एकदा ते औषध आणायला गेले असताना मी माईंजवळ बसलो होतो. त्या अडखळत म्हणाल्या, "भावजी, वाढलं की ते लहान माप घेतात, कमी झालं की मोठं. मला कळतं हो. त्यांना सांगू नका. धीर सुटेल त्यांचा."

थंडी सरता सरता माई गेल्या. दहावा उरकून खाडीवरून परतताना मास्तर मध्येच थांबले.

"तुम्ही बसायचात तिच्यापाशी. तिला कळलं नव्हतं ना हो? शेवटपर्यंत?"

"नाही, मास्तर. तुम्ही काय आकडा सांगता, याची त्या रोज वाट बघायच्या."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. मास्तरांनी मान हलवली आणि तिथेच बांधावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ते हुंदके देऊन रडू लागले.