खारूकाकांनी उतरवलेली सावली

खारूकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कॉफीबागांतल्या उंच झाडांवर चढून फांद्या छाटल्या, म्हणून ते खार. "खालच्या झुडपांवर ऊन चाळणीतून गाळल्यासारखं पडलं पाहिजे," असं ते म्हणत.

गावातल्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर भावाची दोन एकर कॉफीची बाग बघू लागल्या. सावली काढली की फळ दुप्पट येतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं.

"काका, सगळी मोठी झाडं पाडा."

"बाई, पांगाऱ्याचा पाला कुजून खत होतो. सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल चढलेत. आणि फणस तर तुम्हीच आवडीनं खाता."

"मी विचारलं नाही, सांगितलं."

पोटासाठी काकांनी वरच्या उतारावर कुऱ्हाड चालवली. खालच्या उताराची वेळ आली तेव्हा मात्र कधी त्यांची कंबर धरली, कधी कुऱ्हाडीची धार गेली. शेवटी बाईंनी नाद सोडला.

पहिल्या वर्षी वरची झुडपं खरंच फळांनी लगडली. बाई ते ऐकवायला विसरल्या नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र तोच उतार होरपळला, पानं करपून गळाली. बाईंचा निरोप आला, तेव्हा काका मटकन खाली बसले.

"माझ्याच हातांनी मारली गं."

"इथे बसून ती हिरवी होणार आहेत का?" बायको म्हणाली. "जाऊन बघा तरी."

बागेत बाईंचा चेहरा उतरलेला. "सगळं गेलं ना?"

काकांनी नखानं एका खोडाची साल खरवडली. आत ओलसर हिरवं! दुसरं झुडूप हिरवं. तिसरं वाळलेलं. चौथं, पाचवं पुन्हा हिरवं.

"बाई, जीव आहे! दहातली आठ तरी उठतील."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "तेव्हाच मला दटावायचं होतं."

"मास्तरीणबाईंना कोण दटावणार?"

दोघंही हसली. किती दिवसांनी काकांच्या छातीवरचा धोंडा हलला होता.

मग झुडपं छाटली, बुंध्यांशी पाला पसरला, झटपट सावलीसाठी केळी लावल्या. पावसाळ्यात खालच्या उतारावरच्या पांगाऱ्याच्या फांद्या आणून रोवल्या. त्या वर्षी वर फळ जवळजवळ आलंच नाही. पांगाऱ्यांना पालवी फुटल्याचं कळवायला मात्र बाई स्वतः धापा टाकत काकांच्या दारात आल्या.