वाकळांआडचं वावर

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका निरुपद्रवी माणूस उभ्या तुळजापूर तालुक्यात शोधून सापडला नसता, आणि नेमक्या त्याच माणसावर मी एका दिवाळीत पाळत ठेवली. आता नातवंडांना सांगते तर तीही हसतात. पण तेव्हाची मी म्हणजे गुडघे शाबूत आणि डोकं रिकामं. स्वतःला फौजदार समजायची.

भावजी शाळेत चित्रकला शिकवायचे. सुट्टीत सासुरवाडीला आलेले जावई पत्ते कुटतात, झोपा काढतात. हे आमच्या तामलवाडीच्या वावरात, बांधावर स्टूल मांडून चित्र काढत बसायचे. चहा दिला तर त्यात ब्रश बुडवायचे आणि रंगाचं पाणी पिऊन म्हणायचे, "वहिनी, आज साखर जरा कमी पडली." शेळीलासुद्धा अहोजाहो. "मान थोडी इकडं करता का?" शेळी करायचीही. मला मात्र भलतंच दिसत होतं. एक डोळा मिटून, हात लांब करून, ब्रशच्या दांडीवर अंगठा सरकवत हा माणूस आमचं वावर मोजतोय! बहिणींचाही जमिनीत हिस्सा असतो, अशी कुजबूज तेव्हा पारावर नुकती सुरू झाली होती. वन्संनी अजून तोंड उघडलं नव्हतं, पण नवऱ्याला नकाशा काढायला बसवलं असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली.

त्यात एके दिवशी त्यांनी वावरातलं ढेकूळ रुमालात बांधून खिशात टाकलं. विचारलं तर म्हणे, रंग जुळवायचाय. मी घाईघाईनं घरी जाऊन मालकांना सांगितलं.

"ढेकळानं का कुठं वाटण्या होत्यात?" ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मग मीच चित्रात डोकावले. बांधावरचा लिंब चांगला अलीकडं आलेला.

"भावजी, झाड सरकलं की."

"तिथं जड वाटत होतं, वहिनी. इथं बरं दिसतंय."

आज झाड सरकलं, उद्या बांध सरकंल. दुसऱ्या दिवशी मी दसऱ्याला धुतलेल्या वाकळा पुन्हा भिजवल्या आणि भावजी नि वावर यांच्या मधोमध दोरी बांधून वाळत घातल्या. सगळ्यांत पुढं सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ. त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वाकळा वाळायला आल्या की मी गुपचूप पाणी मारायची. भावजी आपले रंगवतच राहिले. स्टूलही हलवलं नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी ओसरीवर चित्र उघडलं. हिरवी ज्वारी, चरणाऱ्या शेळ्या, सरकलेला लिंब, आणि अर्धं वावर झाकून सासूबाईंची वाकळ, तिचा टाका न् टाका काढलेला. नणंद बघतच राहिली. मी घाईनं म्हटलं, "वन्सं, ती मधी आली हो. भावजींना पुसायला सांगा."

तिनं पदरानं चित्राची कड पुसली आणि म्हणाली,

"वहिनी, वावर तुम्हालाच राहू द्या. आईची वाकळ तेवढी मी नेते."