ओरखड्याखालचा सूर

भूतबित, चकवा... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा आणायला उठणारा माणूस. किन्हवलीत मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. काही बिघडलं की आत कुठेतरी तार तुटलेली असते, एवढंच मला ठाऊक. पण हे लिहिताना अजून अंगावर काटा येतोय — आणि आनंदाचा, बरं का!

आमच्या दादाने, म्हणजे मोठ्या भावाने, कॉलेजात असताना म्हशाच्या जत्रेत जुन्या सामानाच्या पालातून एक एलपी रेकॉर्ड आणली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक. त्या बँडने एवढा एकच अल्बम काढला आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अहो, काय अल्बम आहे! दुसरी बाजू म्हणजे अख्खं एकच गाणं, शब्द नाहीतच. ड्रम सात मात्रांच्या हिशोबात पळतात, ऑर्गन त्यांच्या मागे लागतो आणि ऐन रंगात सगळे गप्प! मग खाली एक घोगरा सूर धरलेला आणि त्यावर एकटंच वाद्य डुलत निघतं. तिथे दादा डोळे मिटायचा.

आणि तिथेच मी माती खाल्ली. सुई उडते म्हणून, दादा घरी नसताना, तिच्या दांडीवर रुपयाचं नाणं ठेवलं. नेमका त्या जागी खोल ओरखडा! तेव्हापासून सुई तेवढा तुकडा ओलांडूनच जाते. दादा फक्त "असू दे रे" म्हणाला. पण ती बाजू त्याने पुन्हा कधी लावली नाही. दुसरी प्रत मिळावी म्हणून मी अख्खं इंटरनेट पालथं घातलं... नाय म्हणजे नाय.

यंदा भातकापणीनंतर डोळखांबकडच्या एका पाड्यावर पंप बघायला गेलो होतो. सकाळचे अकरा. शेजारच्या अंगणात लाडक्याबाबा नावाचे एक म्हातारे नवा तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांबलचक फुंकवाद्य, वाजवून बघत होते. आणि माझ्या हातातला पाना खाली पडला — तीच चाल! ओरखड्याच्या आधीची, मला तोंडपाठ असलेली. बाबा थांबले नाहीत, पुढे गेले... सुई जिथे टेकत नाही तिथे.

लगेच दादाला फोन लावला. "दादा, काय बोलू नको. फक्त ऐक!"

फोन स्पीकरवर टाकून तारप्याकडे धरला. मग त्याचा आवाज, "थांब रे... आता खाली उतरंल. मग दोनदा तेच, आन मग एकदम वर."

तारपा खाली उतरला. दोनदा तेच. मग एकदम वर! मी अंगणातच नाचलो, कोंबड्या पळाल्या.

"बाबा, ही चाल कुठली?"

"बापानं शिकवली त्यातली नाय," ते म्हणाले. "आज फुंकलं न् आली."

त्यांच्याकडे मोबाइल नाही, तेव्हा त्यावर कधी ऐकली असेल म्हणावं तर तेही नाही. पुन्हा वाजवा म्हटलं, तर त्यांनाच जमेना.

संध्याकाळी दादा माझ्या घरी आला. चप्पल न काढताच म्हणाला, "कुठाय ती रेकॉर्ड?" इतक्या वर्षांनी दुसरी बाजू त्याने स्वतः लावली. ओरखड्यापाशी सुई उचलून धरली, मधला तुकडा आम्ही दोघांनी गुणगुणून पुरा केला आणि मग त्याने सुई पुढे टेकवली. 

कुठली तार कुठे जोडली गेली, मला अजून सापडलेलं नाही. दादा आता दर रविवारी येतो. रेकॉर्ड लावण्याआधी नाण्यासाठी माझे खिसे तपासतो.