मामांना तेवढी एकच हाक ऐकू यायची

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. आमच्याकडे ज्याला कागद नाही ते घडलंच नाही, असं समजतात, आणि बावीस वर्षांत मलाही तीच सवय लागली आहे. माहेरी कुणी लिंबू-मिरची टांगली तरी मी हसायचे. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते कुणाला घाबरवायला नाही... घाबरण्यासारखं त्यात फारसं काही नाहीच. फक्त दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

आम्ही मूळचे सोलापूर शहराच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आमच्या बोळात तीन बाजूंनी पॉवरलूम – सकाळी आठपासून खडखडाट सुरू व्हायचा. माझ्या सासऱ्यांनी – आमच्यात सासऱ्यांना मामाच म्हणतात – चौतीस वर्षं माग चालवला. कान त्यातच गेले. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने अगदी कानाशी ओरडलं तर थोडंसं. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण “डोक्यात मुंग्या चालतात” म्हणून ते कपाटात पडून. आम्ही त्यांच्याशी ओठ ठळक हलवून, नाहीतर तळहातावर बोटाने लिहून बोलतो.

सुताच्या धुळीने त्यांचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, जागा बदला. मग होटगीच्या बाजूला, शहराबाहेर एका नव्या लेआउटमध्ये आम्ही छोटं घर घेतलं. चाळीस प्लॉट, त्यातले बांधलेले जेमतेम बारा. बाकी काळी माती, मधूनमधून बाभळी, आणि लांबून जाणारी रेल्वे. मी स्कूटीवर पंचवीस मिनिटांत कॉलेजला, श्रीनिवास – माझे मिस्टर – अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात. सगळी कॉलनी अशीच. सकाळी नऊला रिकामी, संध्याकाळी सातला भरणार. दिवसभर तिथे मामा आणि दोन-चार म्हातारी माणसं.

मला वाटलं होतं, शांततेचा त्रास आम्हाला होईल, मामांना काय फरक पडणार? झालं उलटंच. आम्ही आठवड्यात रुळलो आणि मामा अस्वस्थ. सारखे उठायचे, फरशीवर अनवाणी उभे राहायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “जमीन गप्प आहे गं इथली. पायाला काही लागतच नाही.” तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं ते माग पायांनी ऐकत होते.

महिन्याभराने त्यांनी स्वतःची जागा शोधली. आमच्या मागच्या तारेच्या कुंपणाला एक लहान फाटक आहे, त्यापलीकडचा प्लॉट मोकळा. तिथे एक कडुलिंब आणि त्याखाली कुणीतरी टाकून दिलेल्या शहाबादी फरशांचा ढीग. रोज चारच्या सुमाराला चहाचा ग्लास घेऊन मामा त्या फरशांवर जाऊन बसायचे. तासभर. मग ते निवले.

पहिल्यांदा झालं तो रविवार होता, मी घरी होते. आमच्या कॉलनीला सामाईक टाकीचं पाणी, चार-पाच दिवसांनी येतं, आणि वेळेला काही नेम नाही. मामा मागच्या दाराने आत आले आणि म्हणाले, “पद्मा, घागरी लाव. पाणी आलं.”

मी नळ उघडून पाहिला. कोरडा. हातानेच ‘नाही’ म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि परत जाऊन बसले. दहा मिनिटांनी नळ फुसफुसला आणि पाणी आलं.

मी बाहेर जाऊन विचारलं, कसं कळलं?

“ती बाई ओरडली की,” मामा म्हणाले. “नीर बंत्री, नीर बंत्री.”

“कोण बाई?”

“मी काय बघायला गेलो?”

आमच्या तेलुगूत पाण्याला नीळ्ळू म्हणतात, त्यामुळे ‘नीर’ त्यांना उमगलं. ‘बंत्री’ म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण माझं अडलं होतं दुसरीकडेच. मामांना ऐकू कसं आलं?

दोन घरं सोडून शिवलीलाकाकू राहतात, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कन्नडच बोलतात. मला वाटलं त्याच ओरडल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, “मी कशाला ओरडू की वो? माझा तर गुडघा धरलाय, दोन दिवस झाले बाहेरसुद्धा आले नाही. पण ‘नीर बंत्री’ म्हणजे ‘पाणी आलं हो’. बरोबर हाय ते.”

मग हे होतच राहिलं. दर वेळी नाही, पण मामा लिंबाखाली असताना पाणी यायचं असेल तर ते दहा-पंधरा मिनिटं आधी येऊन सांगायचे. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले – सवयच ती. दिवाळीपासून होळीपर्यंत एकदाही चुकलं नाही. शेजारपाजारच्यांना कळलं तसं कॉलनीतल्या बायका मला फोन करायच्या, “काका काय म्हणतात, आज येईल का?”

श्रीनिवास वडिलांना दादा म्हणतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. “पंप सुरू झाला की पाइप थरथरत असणार. दादांना ते पायाला कळतं. बाकी मनाचे खेळ.” मला ते पटलं. खरंच पटलं. पण कन्नड? त्यावर तो म्हणाला, मामांच्या कारखान्यात कुणी कन्नड कामगार असेल, तेव्हाचं डोक्यात राहिलं असेल. मामांना विचारलं. ते म्हणाले, “होता की, शेजारच्या मागावर होता. पण मागाच्या आवाजात कुणाचं काय ऐकू येणार? वीस वर्षं आम्ही हातवाऱ्यांनीच बोललो.”

मी त्यांना शहरात नेऊन कानाची तपासणीही करून आणली. काचेच्या खोलीत बसवून तो आलेख काढतात ना, तसा. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवून सांगितलं, कान आधीपेक्षा अजून उतरलेत. मी तिला विचारलं, “यांना पन्नास फुटांवरून कुणी हाक मारली तर ऐकू येईल?” ती म्हणाली, “मॅडम, यांना शेजारी फटाका लावला तरी धक्काच आधी कळेल.”

मग एका सुट्टीच्या दिवशी मी स्वतः त्यांच्याशेजारी जाऊन बसले. हवा अजिबात नव्हती. तुरीच्या काड्यांचा कुठून तरी वास येत होता. अर्धा तास काही नाही. मी मोबाइल काढला, आणि तेवढ्यात मामांनी मान वळवली. डावीकडे, जरा खाली. आपल्याला कुणी नावाने हाक मारली की आपण वळतो ना... अगदी तसं. ज्या माणसाच्या कानाशी कुकरची शिट्टी झाली तरी पापणी हलत नाही, तो माणूस. मला काहीही ऐकू आलं नाही. मी वाकून तळहात जमिनीवर टेकवला – काही थरथर लागते का पाहायला. नाही लागली.

“बंत्री,” मामा म्हणाले आणि हसले. “चल, घागरी लाव.”

भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. मला थोडा हेवा वाटला. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून मामांशी आपणहून बोलायला येणारं कुणी नव्हतं. आम्हीसुद्धा कामापुरतंच बोलायचो – तळहातावर किती लिहिणार?

आता त्या दिवसाचं सांगते.

भाद्रपद चालू होता. तीन-चार दिवस सलग चांगला पाऊस झाला होता आणि त्या दिवशी उघडीप होती. शनिवार, माझा अर्धा दिवस. मी ओट्यापाशी उभी होते, समोरच्या खिडकीतून फाटक आणि लिंब दिसतो. चार वाजता मामा चहाचा ग्लास घेऊन निघाले. पाऊस असल्यामुळे चार दिवस त्यांना बसायला मिळालं नव्हतं, त्यामुळे जरा घाईतच होते.

फाटकाची कडी काढली आणि थांबले.

मला वाटलं चिखल बघत असतील. पण ते समोर बघत होते, आणि मान तशीच, किंचित डावीकडे. मग एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबले. हातातला चहा हिंदकळून पायावर सांडला तरी त्यांनी बघितलं नाही. मग ते वळले आणि परत आले. चेहरा पडलेला होता. कुणी रागावलं की लहान मुलाचा होतो तसा.

“आज ती काहीतरी वेगळंच म्हणतेय,” स्वयंपाकघराच्या पायरीवर बसत म्हणाले. “बरब्याड्री, बरब्याड्री. सारखं तेच. मला वाटतं, चिडलीय माझ्यावर.”

“पाणी आलं म्हणत असेल,” मी ओठ हलवून म्हटलं.

“नाही. पाण्याचं नाही ते.” मग ग्लास पायरीवर ठेवत, “जोरात म्हणत होती गं. इतकं जोरात कधी म्हणत नाही.”

मी शिवलीलाकाकूंना फोन लावला. उगाच, मामांची समजूत काढायला म्हणून. म्हटलं, “काकू, बरब्याड्री म्हणजे काय हो?”

काकू हसल्या. “कोण म्हणालं तुला? येऊ नका म्हणजे. ‘री’ लावलं की मानानं. मोठ्या माणसाला सांगतात तसं – येऊ नका हो.”

मी फोन कानाला धरून खिडकीकडे बघत होते. मोठा आवाज झाला नाही, हे मला आजही आठवतं. ओल्या पोत्यावर पोतं टाकल्यासारखा दबका आवाज. फरशांचा ढीग एका बाजूला कलला आणि खाली गेला. मग लिंब – पाडल्यासारखा आडवा नाही झाला, उभाच्या उभा खाली उतरत गेला, शेंडा तेवढा वर राहिला. आणि त्याभोवती गोल, काळा खड्डा.

फोनवर काकू “काय झालं की वो, काय झालं?” म्हणत होत्या. मामांची पाठ तिकडे होती. त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी दोन्ही तळवे पायरीवर टेकवले आणि मला विचारलं, “पद्मा, काय पडलं?”

मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा हात धरून ठेवला.

खाली जुनी विहीर निघाली. प्लॉट पाडताना वरवर दगड-मुरूम टाकून बुजवलेली, कुणाच्याच नकाशावर नसलेली. पावसाने भर खचली. हे सगळं समजण्यासारखं आहे, त्यात गूढ काही नाही. पुढच्या आठवड्यात ज्यांची ती जमीन होती ते होटगीचे म्हातारे बघायला आले. मी त्यांना चहा दिला आणि आडून आडून विचारलं... म्हणजे, तुम्ही सगळे जे विचाराल तेच. या विहिरीत कुणी जीव दिला होता का, कुणी बाई वगैरे.

त्यांना राग आला नाही, पण नवल वाटलं. “न्हाय वो ताई. माज्या वडलांच्या काळापासून कुनी न्हाय. लई चांगली हीर हुती. आमी समदे लिंबाखाली जेवायचो.”

“इथे कुणी हाका मारायचं का? कन्नडमधून?”

“पान्याला तर समदीच यायची. कानडी बी, मराठी बी. कोन कुनाला हाक मारतंय, ते ध्यानात कोन ठिवतंय?”

बस. एवढंच हाती लागलं.

श्रीनिवास अजूनही पायांचंच म्हणतो. भर आतून सरकत असणार, दादांना ते फाटकातच कळलं, मेंदूने त्याला शब्द दिले. असेल. पण मामांना येत नसलेल्या भाषेत, बरोबर अर्थाचे शब्द, आणि तेही मानाने? यावर तो विषय बदलतो. आता उत्तर शोधायचं मी सोडून दिलं आहे.

खड्डा नीट भरला, वर कुंपण घातलं. त्यानंतर मामांना पुन्हा काहीही ऐकू आलेलं नाही. पाणी न सांगता येतं, आम्ही धावपळ करतो.

गेल्या श्रावणात मात्र एक दिवस मामा शिवलीलाकाकूंच्या दारात गेले. मी सोबत होते. त्यांनी काकूंना आपला तळहात पुढे करून सांगितलं, कन्नडमध्ये ‘जेवण झालं का हो?’ कसं म्हणतात ते लिहा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मराठी अक्षरांत बोटाने हळूहळू लिहिलं. मामांनी तीनदा म्हणून बघितलं.

आता रोज चार वाजता ते फाटकापाशी उभे राहतात. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलतात ते सगळ्या कॉलनीला ऐकू जातं – “ऊटा आतेन्री?”

मग मान जरा डावीकडे करून थांबतात. पाच मिनिटं, कधी दहा. मी तेवढा वेळ नळ बंद ठेवते, भांडी वाजवत नाही. त्यांना त्याने काही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे.