ब्रेकच्या काठीला कुंकू

आत्याची अट एकच होती. काठी हातात घेतली की ती हातात आहे हे कळलं पाहिजे. सांगलीच्या खेळाच्या दुकानात ती पूल खेळायची एकेक काठी, म्हणजे क्यू, उचलायची, तोलून बघायची आणि "हलकी हाय" म्हणून परत ठेवायची. दुकानदार सांगत होता की ब्रेकच्या क्यूला वजनापेक्षा हाताचा वेग महत्त्वाचा. मीही मान डोलावत होते. पोटदुखीचं निमित्त सांगून मैदान चुकवणाऱ्या मुलींकडे बघावं तसं तिने आम्हा दोघांकडे बघितलं आणि सगळ्यात जड होती तीच घेतली.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूळची म्हसवडची. लग्न केलं नाही, आणि अख्खी नोकरी पाचगणीच्या एका निवासी शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून केली. तिथला पाऊस म्हणजे मैदान बंद. शिक्षकांच्या खोलीत पूलचं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचं, जुनं टेबल पडून होतं, त्यावर ती खेळायला लागली आणि मग त्याचं वेडच लागलं. निवृत्त होऊन साताऱ्यात आली तेव्हा सामान लावायच्या आधी तिने पूलचा क्लब शोधून काढला. तिच्या बरोबरीच्या बायका सकाळी फिरायला जातात, ही क्लबात जाते. मी जवळच राहते, त्यामुळे तिच्या सोबतीला जाणं ओघानेच माझ्याकडे आलं.

तिचा ब्रेक बघण्यासारखा असायचा. खेळ सुरू करताना त्रिकोणात रचलेले रंगीत बॉल पांढऱ्या बॉलने फोडायचे, तो ब्रेक. आत्याने फोडले की असा आवाज व्हायचा की शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं आपला डाव सोडून वळून बघायची. मग गेल्या वर्षीच्या सुरुवातीला ती जिन्यावरून पडली आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन करावं लागलं. व्यायाम करून करून तिने हात परत मिळवला. बाकीचा खेळ आला, ब्रेक मात्र गेला तो गेलाच. रंगीत बॉल जागच्या जागी कुरबुरायचे आणि पांढरा उडून जमिनीवर पडायचा.

"ब्रेक मी करून देते, पुढचं तू खेळ," असं मी एकदा म्हणाले.

"मग उद्या घास बी तूच भरव," ती म्हणाली. आणि त्याच दमात ठरवून टाकलं, "दिवाळीनंतर सांगलीला सामने हायत. तवर ब्रेक बसला तर नाव देते. न्हाई बसला तर काठी ठेवून देणार. हा मेला खांदा आन मी, बसू दोघं घरात."

मला खरंच भीती वाटली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा तिने एका दिवसात गाडी विकली होती आणि नंतर गाडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ती बोलते ते करते. हा खेळ सुटला तर तिच्या दिवसात उरलं काय असतं? माझ्याशी भांडण, बस्स.

म्हणून ब्रेकसाठी वेगळी क्यू घ्यायचं ठरलं. ही जाडजूड असते आणि हिचं टोक चामड्याचं नसून चांगलं कडक असतं. आत्याची समजूत अशी की खांदा कमजोर झालाय, तर उरलेलं काम काठीच्या वजनाने करावं. माणदेशी डोकं. तिकडे कुदळ असो की मुसळ, जड तेच चांगलं.

नव्या काठीने पांढरा बॉल आणखी लांब उडायला लागला. एकदा तो थेट क्लबमालकाच्या काउंटरवर, आरशाच्या अगदी जवळ, जाऊन आदळला. मालक लाकूडकाम करणाऱ्या घरातला, टेबलं आणि आरसे त्याने जिवापाड जपलेले. "आवं मॅडम," तो म्हणाला, "त्यो बॉल जरा टेबलावर बी खेळवा की. माज्या आरशावर कसला राग काढताय?" सगळे हसले. आत्या हसली नाही.

खंडेनवमीला तिच्या घरी पाटावर हत्यारं मांडली. तिची म्हणजे विळी, कात्री, शाळेतली शिट्टी, आणि नवी काठी. हळदीकुंकू लावताना तिने ओलं कुंकू थेट क्यूच्या टोकाला लावलं.

"आत्या, टोकाला नको गं. मुठीला लाव."

"हत्याराला धारंला लावत्यात. मुठीला लावून काय करू, तिला नटवू?"

पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही क्लबात गेलो, सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि तिने काठी बाहेर काढली. टोक लालभडक. पुसायला ती तयार नव्हती, सणाचं कुंकू म्हणे पुसत नाहीत. मालक आपल्या टेबलाच्या कापडाकडे बघून हळहळत होता.

तिने ब्रेक मारला. बॉल उडून खाली पडला, मी उचलला. त्याला लाल ठिपका लागला होता. मी ओढणीने पुसायला गेले तोच मैदानावरचा तो जुना आवाज आला, "पुसू नको!"

ती बॉल हातात घेऊन किती तरी वेळ बघत उभी राहिली. त्या बॉलवर कंपनीचं एक लहान निळं चिन्ह होतं. तिने जुना ठिपका स्वतःच पुसला, बॉल टेबलावर ठेवला, निळं चिन्ह बरोबर मधोमध आपल्यासमोर येईल असा फिरवला आणि पुन्हा मारला. या वेळी कुंकू निळ्या चिन्हाच्या पार खाली लागलं होतं.

"अगं, मी मधे मारतच न्हाई," ती म्हणाली. "काठी जड, खांदा कच्चा. ऐन वक्ताला टोक खाली जातंय आन बॉलच्या पोटात शिरतंय. उडंल न्हाई तर काय!"

आणि ती इतकी खूश झाली की काय सांगू. आपलीच चूक सापडल्यावर असा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी असते तर आधी दुकानदाराला नावं ठेवली असती.

काठीच्या मागच्या टोकाला रबरी टोपण असतं आणि त्याच्या आत वजनाचा लोखंडी स्क्रू. मालकाने पाना आणला. स्क्रू पूर्ण काढला तर काठी इतकी हलकी झाली की कुंकू डावीकडे सरकलं. मग त्याच्याकडच्या डब्यातला लहान स्क्रू घातला. मागचा हात तिने थोडा पुढे धरून बघितला. दिवाळीपर्यंत रोज हेच चाललं होतं, टोकाला कुंकू आणि एक ब्रेक. मालकाने शेवटी शेजारच्या दुकानातून कुंकवाची पुडी आणून काउंटरवर ठेवली आणि बजावलं, "कापड धुवायचं काम तुमचं." लाल ठिपका हळूहळू वर चढत गेला आणि एका सकाळी निळं चिन्ह त्याच्याखाली दिसेनासं झालं. त्या ब्रेकचा आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरचे वळले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सांगलीला तिने नाव दिलं. दुसऱ्याच फेरीत नातीच्या वयाच्या एका मुलीने तिला हरवलं. येताना उंब्रजला चहाला थांबलो तर मी आपली तिची समजूत घालत होते. तिने मला मधेच तोडलं. "हरले ते सोड गं. ब्रेक ऐकलास का?"

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर पुन्हा तीच मांडणी होती. विळी, कात्री, शिट्टी, काठी. सगळ्यांना कुंकू लावून झालं, तशी ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिने कुडत्याचा गळा खांद्यावरून खाली ओढला. ऑपरेशनचा व्रण दिसला.

"हितं बी लाव," ती म्हणाली.

मी लावलं. त्या दिवशी तिने उजवा हात मांडीवरून हलवला नाही. चहासुद्धा डाव्या हाताने प्याली.