शून्य नंबरचा खण

"ताई, सात नंबर उणे एकवर आला. मशीन थांबंना का?"

पिंपळगावच्या पॅकहाउसचे मालक आप्पा माझ्या पाठीमागून विचारत होते. मशीन थांबायला हवं होतं. सातही चेंबर, म्हणजे थंड खोल्या, शून्य डिग्रीला आल्या की कॉम्प्रेसर बंद करायचा, हे काम माझ्या प्रोग्रॅमचं. सकाळी अकराला आम्ही तो चालू केला होता. आत एक्सपोर्टची द्राक्षं भरलेली. उणे दोनच्या खाली गेलं की मणी गोठतात, बाहेर काढल्यावर मऊ पडतात, मग त्यांना कुणी विचारत नाही. शेजारी आमचे मॅनेजर देशमुख सर हाताची घडी घालून उभे.

मी पॅनेलवाली बाई. सातपूरच्या एका कंपनीत बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं. मग पॅनेलमध्ये रिले कमी आणि चिप जास्त यायला लागल्या, तसं वायरिंगचं काम आटलं. एक दिवस सरांनी केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "सुनंदाबाई, सहा आठवड्यांचा सी प्रोग्रॅमिंगचा बूटकॅम्प करा. शेवटी एक प्रोजेक्ट साइटवर चालवून दाखवा. चाललं तर फर्मवेअरला घेतो. नाहीतर स्टोअर्स."

फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत बसणारा प्रोग्रॅम. स्टोअर्स म्हणजे नट-बोल्ट मोजत रिटायर होणं. अठ्ठेचाळीस वर्षांची असले तरी मला ते मानवलं नसतं.

बूटकॅम्प सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर. वर्गात वीस पोरंपोरी, सगळी मला काकू म्हणायची. शिकवणाऱ्या रेणुका मॅडम माझ्या लेकीहून वर्षाने लहान. पहिल्या आठवड्यात एक सेमीकोलन राहिला की कॉम्प्युटर पानभर एरर दाखवायचा. दुसऱ्या आठवड्यात मेमरीतला पत्ता सांगणारे पॉइंटर आले आणि मी डबा तसाच भरलेला घरी आणला. रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या आठवड्यात ॲरे. ॲरे म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेले खण, प्रत्येक खणात एक आकडा. सीमध्ये ही मोजणी शून्यापासून होते. आठ खण मागितले तर त्यांचे नंबर शून्य ते सात. मला ते काही पटेना. शून्य नंबरचा चेंबर कोण बांधतं? शिवाय आमच्या शॉपमध्ये एक पद्धत होती. वायरी जोडायच्या टर्मिनलच्या पट्टीवर पहिला टर्मिनल स्पेअर सोडायचा, उद्या एखादा जळला तर असावा हाताशी. मी तेच केलं. शून्य नंबरचा खण स्पेअर सोडला. एक नंबरचा चेंबर एक नंबरच्या खणात, दोनचा दोनमध्ये. वाचायला सोपं. वर्गातल्या टेबलावर चारच सेन्सर होते, ते चारही नीट चालले. मॅडम म्हणाल्या, "काकू, झकास." मी हवेत.

आणि आता पिंपळगावात मशीन थांबत नव्हतं.

मी आधी जुन्या सवयीने सिलेक्टर स्विच मॅन्युअलला टाकला आणि कॉम्प्रेसर हाताने बंद केला. आकडा उणे सव्वावर थांबला. आप्पा खुर्चीवर टेकले.

सर म्हणाले, "आप्पा, तुमच्या वायरमनने सेन्सर अदलाबदल करून जोडले असणार. बोलवा त्याला."

आप्पांनी लगेच फोन काढला. मी गप्प बसले असते तर तासभर तरी सुटले असते. पण बावीस वर्षं मी हेच ऐकत आले होते. काही बिघडलं की फर्मवेअरवाल्यांचा फोन, "वायरिंग तपासा." नाचता येईना अंगण वाकडं. आणि उन्हातान्हात साइटवर जाऊन एकेक वायर ओढून बघायची मी. त्या न बघितलेल्या वायरमनची मला कीव आली आणि सरांचा रागही आला.

"थांबा आप्पा," मी म्हटलं. "आधी माझं बघू द्या."

लॅपटॉप जोडला. किती डिग्रीला थांबायचं, तो आकडा प्रोग्रॅममधून काढून बघितला. मी लिहिला होता शून्य. तिथे होतं उणे अठरा.

उणे अठरा फक्त आठव्या चेंबरमध्ये होतं. ती छोटी खोली, तिथे माल गार ठेवायचे जेलचे पॅड गोठवतात. तिचं मशीन वेगळं. मला तिचं टेम्परेचर नुसतं स्क्रीनवर दाखवायचं होतं. मी मॅडमना फोन लावला.

"काकू, ॲरे किती खणांचा घेतलाय?"

"आठ."

"आणि आठवा चेंबर कुठल्या खणात लिहिताय?"

"आठ नंबरच्या," म्हणता म्हणताच मला कळलं.

शून्य स्पेअर सोडला तर खण नऊ हवेत. पॅनेलमध्ये आठ वायरी आणि एक स्पेअर असताना मी जन्मात आठाची पट्टी मागवली नसती. इथे मागवली. आठ नंबरचा खण माझा नव्हताच. तिथे किती डिग्रीला थांबायचं, तो आकडा बसला होता. मी त्याच्यावर उणे अठरा लिहून मोकळी झाले. आणि सेमीकोलनसाठी आकाशपाताळ एक करणाऱ्या सीने यावर हूं की चूं केलं नाही.

"सर, वायरिंग बरोबर आहे. चूक माझी आहे."

सरांचा चेहरा उतरला. आप्पा खुर्चीतून उठले. "म्हंजे माझा माल तुमच्या हातानं गोठला असता?"

"हो."

"मग नीट करा अन् संध्याकाळपर्यंत हितंच बसा. ह्या डब्याला एकटं सोडून जायचं नाय."

मी प्रत्येक चेंबर एक खण मागे सरकवला आणि पाच वाजेपर्यंत तिथे बसले. मशीन दर वेळी शून्यावर थांबलं.

परतीच्या वाटेवर गाडी ओझरला आली. शेवटी मीच विचारलं, "सर, सोमवारपासून स्टोअर्सला येऊ का?"

"चूक सापडायला किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं."

"माझ्या फर्मवेअरच्या पोरांना दोन दिवस लागतात. त्यातला दीड दिवस ते वायरमनशी भांडतात. सोमवारी फर्मवेअरला या."

मी खिडकीकडे तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते. आता फर्मवेअरला नवीन कुणी आलं की मी एवढंच सांगते : सी तुमची चूक सांगणार नाही, ती तुम्हालाच सांगावी लागेल.