गोगलगायी राहू देत

मंडळी, टँकमधल्या गोगलगायी कशा मारायच्या, असं महिन्यापूर्वी मीच इथे विचारलं होतं. तो प्रश्न आज मागे घेतोय.

सकाळी माशांच्या टँकवाल्याकडे गोगलगायी मारायचं औषध मागायला गेलो. तो म्हणाला, "भिया, घोंघे तो सफाई कर रहे हैं. पहले ये देखो, खाना ज्यादा कौन डाल रहा है."

माझा संशय पोरांवर. तणतणत घरी आलो, तर टँकपाशी आई! हातात कणकेच्या गोळ्या.

धारला असताना ती रोज तळ्यावर जाऊन माशांना गोळ्या घालायची. बाबा गेल्यावर तिला मी इथे देवासला आणलं. तळं तिथेच राहिलं.

"आई, रोज घालतेस?"

"थोड्याच रे. उरलं तर त्या बिचाऱ्या खातात."

म्हणजे तिचं उरलंसुरलं खाऊन, पाणी नासू न देता, महिनाभर गोगलगायींनीच तिला पाठीशी घातलं होतं. आणि मी त्यांच्याच जिवावर उठलो होतो.

आता रोज एकच गोळी, तीही बारीक, असं आमचं ठरलंय. गोगलगायी राहतील.

तुमचे आईवडील गाव सोडून तुमच्याकडे आले, तेव्हा त्यांचं काय मागे राहिलं, हे कधी विचारलंत? मी नव्हतं विचारलं.